वळताना मागून थडथड: आधी डिफरेन्शियल ओळखा, मग ऑइल घ्या

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. ट्रक हायवेला गुपचूप चालतो, सरळ रस्त्यावर कसलाही आवाज नाही. पण पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण तोडून गाडी हळू वळवली की मागच्या चाकांमधून थडथड, थडथड सुरू होते आणि सीटला हादरे बसतात. गाडी सरळ झाली की सगळं शांत. ऑइल बदलून आणलं की काही दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

माझ्या मेहुण्याच्या ट्रकचं असंच चाललं होतं. तो अमेरिकेत, डॅलसच्या उत्तरेला राहतो. ट्रक म्हणजे दहाचाकी नव्हे, तिकडे पिकअपलाच ट्रक म्हणतात. त्याच्याकडे जुनी फोर्ड एफ-१५० आहे. मागच्या ॲक्सलला ८.८ इंची क्राउन (डिफरेन्शियलमधला मोठा, कड्यासारखा गिअर) आणि मागे ट्रेलरवर मासेमारीची बोट. उन्हाळ्यात सुट्टी मिळाली की स्वारी लेक लुईसव्हिलला. आवाज सुरू झाल्यावर तो जवळच्या एका ऑइल बदलून देणाऱ्या दुकानात गेला. त्यांनी मागचं ऑइल बदललं आणि आवाज वाढला. मग कुणीतरी 'जाड ऑइल टाक' म्हणालं, तेही करून झालं. पुढे एकाने वेगळी बाटली ओतायला सांगितली. तिने आवाज गेला खरा, पण उन्हाळा सरायच्या आत परत आला. शेवटी मला फोन.

"दाजी, आता मागचं अख्खं डिफरेन्शियलच बदला म्हणतायत. काय करू?"

"काही करू नकोस. आधी खाली वाकून बघ, ॲक्सलच्या झाकणाच्या एखाद्या बोल्टला पत्र्याची छोटी पट्टी अडकवलेली आहे का."

त्या पट्टीवर येण्याआधी आत काय चाललेलं असतं ते बघू, नाहीतर ऑइलची निवड म्हणजे नुसती पाठांतराची यादी होते.

आवाज येतो कुठून

डिफरेन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला, त्यांना जोर वाटून देणारा गिअरचा संच. साध्या डिफरेन्शियलमध्ये वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि मधले छोटे गिअर तो फरक सांभाळतात. पण एक चाक चिखलात किंवा शेवाळलेल्या उतारावर घसरायला लागलं की तेच गरगरत राहतं आणि पकड असलेलं दुसरं चाक जागचं हलत नाही. लिमिटेड स्लिप प्रकारात यावर तोडगा म्हणून साइड गिअरच्या (प्रत्येक चाकाच्या शाफ्टला जोडलेल्या गिअरच्या) मागे क्लच प्लेटांची चवड बसवतात. एक नुसत्या स्टीलची, तिला लागून एक अस्तर चढवलेली, पुन्हा एक स्टीलची. मध्ये एक स्प्रिंग ही चवड कायम दाबून धरते. ट्रॅक्शन-लॉकमध्ये, म्हणजे फोर्डच्या लिमिटेड स्लिपमध्ये, ती इंग्रजी एसच्या आकाराची असते. इंजिनाचा जोर आला की साइड गिअर बाहेरच्या बाजूला रेटले जातात आणि चवड आणखी घट्ट होते. त्यामुळे एकटंच चाक मोकळं सुटत नाही.

आता गंमत बघा. वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरायचंच असतं, म्हणजे या प्लेटा एकमेकींवर सरकायलाच हव्यात. आणि त्या सरकतात अगदी सावकाश, भरपूर दाबाखाली, गिअर ऑइलमध्ये बुडालेल्या. थांबलेली वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा ती हलल्यावर सरकवत ठेवायला कमी लागतो. गोदरेजचं भरलेलं कपाट फरशीवरून ओढलंत तर ते सलग येत नाही. अडतं, सुटतं, परत अडतं, आणि दरवेळी कर्रकन आवाज करतं. प्लेटांचं नेमकं तेच होतं. चिकटतात, सुटतात, चिकटतात. सेकंदाला अनेक वेळा. ती थडथड ॲक्सलच्या नळीतून चासीत आणि चासीतून तुमच्या सीटपर्यंत येते.

यावर उपाय म्हणून ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर घालतात. त्याचा पातळ थर प्लेटांच्या पृष्ठभागाला धरून राहतो आणि सुटतानाचा तो सुरुवातीचा अडथळा कमी करतो. प्लेटा मग न अडता सरकतात. मॉडिफायर नसेल, संपला असेल किंवा ऑइलमध्ये पाणी शिरलं असेल, तर चांगल्या प्लेटाही ओरडतात. म्हणूनच आवाज आला की लगेच 'डिफरेन्शियल गेलं' असा निकाल देणाऱ्या मेकॅनिकचं मी तरी ऐकत नाही.

आधी खात्री, की आवाज डिफरेन्शियलचाच आहे

फोर व्हील ड्राइव्हची गाडी असेल तर लीव्हर किंवा बटण टू व्हीलवर आहे ना, ते पहिलं बघा. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून तीव्र वळण घेतलं की अख्खी गाडी उड्या मारते आणि लोक क्राउनला दोष देतात. वेग वाढेल तसा वाढत जाणारा हुंकार असेल, तोही सरळ रस्त्यावर, तर तो बेअरिंगचा किंवा क्राउन-पिनियनचा (पिनियन म्हणजे क्राउनला फिरवणारा छोटा गिअर). सिग्नलला थांबून निघताना एकच 'ठक्' येत असेल तर बहुधा प्रॉपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याची) स्लाइडिंग स्प्लाइन कोरडी पडली आहे किंवा युनिव्हर्सल जॉइंट झिजला आहे. क्लच प्लेटांची थडथड फक्त हळू वेगात, वळतानाच येते. हायवेवरून पल्ला मारून गाडी तापलेली असताना घरच्या पार्किंगमध्ये शिरताना ती जास्त जाणवते. हे सगळं जुळलं तरच पुढे वाचा.

पत्र्याची पट्टी

मेहुण्याने टॉर्चच्या उजेडात काढलेला फोटो पाठवला. गंजलेली, करंगळीएवढी पट्टी, चिखलाने माखलेली. मी म्हटलं, ब्रशने पूस आणि परत काढ. दुसऱ्या फोटोत अक्षरं दिसली: तीन, मग इंग्रजी एल, मग त्र्याहत्तर, आणि त्यापुढे ८८. फोर्डच्या ॲक्सलवर हे असं वाचायचं: ३.७३ चा रेशो, ८.८ इंची क्राउन, आणि मधला एल म्हणजे लिमिटेड स्लिप. एल नसता, मध्ये नुसती मोकळी जागा असती, तर ते साधं डिफरेन्शियल, आणि मग ही थडथड दुसऱ्याच कशाची तरी असती.

पट्टी गळून पडलेली असेल तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमध्ये ॲक्सलचा दोन अक्षरी कोड असतो. त्या काळच्या एफ-१५० वर १९ म्हणजे ३.५५ चं साधं, आणि एच९ म्हणजे तोच ३.५५ रेशो पण लिमिटेड स्लिप. शेव्हरोले किंवा जीएमसी असेल तर ग्लव्ह बॉक्समधल्या जुन्या स्टिकरवर जी८० हा कोड शोधा.

इथेच लोकांची पहिली गल्लत होते. सगळ्यांना 'लिमिटेड स्लिप' हे एकच नाव माहीत असतं, पण त्या नावाखाली फिरणारी आतली यंत्रं वेगवेगळी आहेत आणि त्यांची ऑइलची गरजही वेगळी.

फोर्डचं ट्रॅक्शन-लॉक क्लच प्लेटांचं. त्याला मॉडिफायर लागतोच.

जीएमचं (शेव्हरोले-जीएमसी बनवणाऱ्या कंपनीचं) जी८० ईटन कंपनीचं आहे. आतमध्ये छोटी वजनं बसवलेला गव्हर्नर आहे. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो अडकतो आणि डिफरेन्शियल पूर्ण लॉक करतो. ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास वेग गेला की लॉक लागतच नाही. आतमध्ये प्लेटा यातही आहेत, पण वेगळा मॉडिफायर घालू नका असं जीएम सांगते. घातला तर लॉक उशिरा लागतं. चिखलात चाक जरा जास्तच फिरतं आणि मग अचानक धडाम् असा आवाज करून पकडतं. तो धडाका ऐकून काहीजण घाबरून मॉडिफायर ओततात आणि काम आणखी बिघडवतात. थोडासा धडाका या यंत्राचा स्वभावच आहे.

ईटनच्याच ट्रूट्रॅकसारख्या प्रकारात प्लेटाच नसतात, तिरपे गिअर एकमेकांवर रेटून पकड देतात. तिथे मॉडिफायर म्हणजे विषच, कारण घर्षणावरच सगळं चालतं. ईटनचा सल्ला साध्या खनिज जीएल-५ ऑइलचा (जीएल-५ हा गिअर ऑइलचा दर्जा, त्याबद्दल पुढे) आहे, महागडं सिंथेटिक घालायची गरज नाही. आणि अलीकडच्या ट्रकांमध्ये बटण दाबून लॉक होणारं इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल असतं. ते उघडं असताना साध्या डिफरेन्शियलसारखंच वागतं, त्यालाही मॉडिफायरची गरज नाही.

कागद सापडत नसतील, तर गाडी रॅम्पवर घेऊन किंवा मजबूत स्टँडवर ठेवून दोन्ही मागची चाकं उचला, न्यूट्रल करा, आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक त्याच दिशेने फिरलं तर क्लचचं लिमिटेड स्लिप आहे आणि जिवंत आहे. उलट दिशेने फिरलं तर साधं. पण या चाचणीला दोन पळवाटा आहेत. जी८० हाताने सावकाश फिरवलं की साध्यासारखंच वागतं. आणि ट्रॅक्शन-लॉकच्या प्लेटा झिजून संपल्या असतील तरी चाक उलटंच फिरेल. म्हणजे हाताने फिरवून उत्तर 'नाही' आलं तर ते पुरेसं नाही, पट्टी किंवा कोड बघावाच लागतो.

९० नंबर, १४० नंबर

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये क्राउन ऑइल नंबरावर मागतात. '९० नंबर दे', 'लोड जास्त असेल तर १४० टाक'. मेहुण्यालाही ही शिकवण कोल्हापूरपासूनच चिकटलेली. आकडा महत्त्वाचा आहे, पण थडथडीच्या बाबतीत तो शेवटून पहिला. ८०डब्ल्यू-९० ने आवाज आला म्हणून ८५डब्ल्यू-१४० भरणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी इलाज. जाडपणा वाढला म्हणून प्लेटांचं अडणं-सुटणं थांबत नाही. मेहुण्याच्या ट्रकमध्ये जाड ऑइल भरल्यावर आवाज जसाच्या तसा होता, फक्त सकाळी गाडी जड निघायला लागली.

आकडे काय सांगतात ते एकदा नीट समजून घ्या. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ७५डब्ल्यूचं ऑइल उणे ४० अंश सेल्सियसला, ८०डब्ल्यूचं उणे २६ ला आणि ८५डब्ल्यूचं उणे १२ ला ठरावीक मर्यादेत वाहतं राहिलं पाहिजे. मिशिगन-मिनेसोटाच्या हिवाळ्यात हा फरक जीवघेणा ठरू शकतो, डॅलसला तेवढा नाही. डब्ल्यूनंतरचा आकडा गरम ऑइलचा. १०० अंशाला ९० नंबर म्हणजे १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (जाडपणा मोजायचं एकक), १४० म्हणजे २४ ते ३२.५. मधला ११० हा नंबर बराच नंतर आला. आणि हा नंबर इंजिन ऑइलच्या नंबराशी ताडून बघू नका, मोजपट्टीच वेगळी आहे. ९० नंबरचं गिअर ऑइल गरम असताना जवळपास ४० नंबरच्या इंजिन ऑइलएवढंच जाड असतं.

मेहुण्याच्या ॲक्सलला फोर्डचंच म्हणणं होतं ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक. बोट ओढताना ॲक्सल तापतो, तापल्यावर ऑइल पातळ होतं, आणि पातळ झालं तरी क्राउन-पिनियनच्या दातांमध्ये थर टिकला पाहिजे, म्हणून १४०. नव्या ट्रकांमध्ये हीच कंपनी डिझेल-पेट्रोल वाचवण्यासाठी पातळ नंबरांकडे वळली आहे. त्यामुळे शेजाऱ्याच्या नव्या ट्रकचं मॅन्युअल वाचून आपल्या जुन्या ट्रकमध्ये ऑइल भरू नका.

नंबराइतकंच बघायचं ते जीएल-५. क्राउन-पिनियन हायपॉइड प्रकारचे असतात, पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात. तो दाब सहन करायला ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं लागतात. झाकण उघडल्यावर जो उग्र वास नाकात जातो तो त्यांचाच. आपल्याकडे ईपी-९० नुसतं लिहिलेला डबा मिळतो. तो जीएल-४ चा आहे की जीएल-५ चा, ते पाठीमागे बघितल्याशिवाय क्राउनमध्ये ओतू नका. आणि उलट बाजूने, क्राउनमधलं उरलेलं जीएल-५ 'वाया जाऊ नये' म्हणून गिअरबॉक्समध्येही टाकू नका. गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही.

आता बाटलीवरची भाषा. 'लिमिटेड स्लिपसाठी योग्य' असं समोर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. पाठीमागे बारीक अक्षरांत दोनपैकी एक गोष्ट लिहिलेली असते: आत मॉडिफायर मिसळलेला आहे, किंवा गरज पडल्यास वेगळा घाला. मोबिल १ च्या ७५डब्ल्यू-९० वर एलएस अशी अक्षरं असतात, ते लिमिटेड स्लिपसाठी बनवलेलं. रेड लाइनचं साधं ७५डब्ल्यू-९० मॉडिफायरसह येतं, पण त्याच नावापुढे एनएस लावलेलं येतं मॉडिफायरशिवाय. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी असतात आणि घाईत हात कुठल्याही बाटलीवर पडतो. फोर्डच्या स्वतःच्या मोटरक्राफ्ट ७५डब्ल्यू-१४० सोबत ट्रॅक्शन-लॉकसाठी एक्सएल-३ नावाची बाटली वेगळी घालावी लागते. ती ४ औंसांची, म्हणजे साधारण ११८ मिलिलिटरची.

मेहुण्याला पहिल्या दुकानाने भरलेलं ऑइल जीएल-५ च होतं, नंबरही चालण्यासारखा. बिलावर मॉडिफायरचा मात्र पत्ता नव्हता. दुकानाने साधं डिफरेन्शियल समजून भरलं असणार. दुसऱ्या ठिकाणी फक्त जाडी वाढली. तिसऱ्या वेळी एक्सएल-३ घातल्यावर आवाज गेला. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. मग तो परत का आला?

परत परत येणारा आवाज

थँक्सगिव्हिंगला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा झाकण उघडलं. खाली तसराळं ठेवून दहाही बोल्ट सैल केले, वरचे दोन तसेच धरले आणि खालून पाना घालून झाकण जरा उचकटलं. पहिली धार तपकिरी आणि पारदर्शक यायला हवी. आली ती पांढुरकी, फेसाळ, मधूनच स्वच्छ थेंब वेगळे पडत होते. पाणी.

"बोट पाण्यात सोडताना मागची चाकं कुठपर्यंत जातात?"

"रॅम्प उतरताना? हब बुडेपर्यंत. कधी जरा वर."

सगळा उलगडा झाला. हायवेवरून बोट ओढून आणलेला ॲक्सल तापलेला असतो. आतली हवा प्रसरण पावून ब्रीदरमधून (ॲक्सलला हवा ये-जा करायला ठेवलेल्या छोट्या तोंडातून) बाहेर गेलेली असते. तसाच तो तळ्याच्या गार पाण्यात बुडवला की आतली हवा एकदम आकसते आणि जिथून मिळेल तिथून पाणी ओढून घेते. ब्रीदरचं तोंड पाण्याखाली असेल तर तिथून, आणि ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ॲक्सल शाफ्टच्या सीलच्या ओठांवरून. त्याचा ब्रीदर बुजलेलाच होता, फुंकर मारली तर हवा जात नव्हती. पाणी मिसळलं की मॉडिफायरचं काम संपलं, आणि नवं ऑइल, नवी बाटली घातली तरी पुढच्या दोन-चार बोटवाऱ्यांत पुन्हा तेच. फोर्ड या ॲक्सलच्या सिंथेटिक ऑइलला आयुष्यभराचं म्हणते, पण त्याच वाक्यात अपवादही सांगते: ॲक्सल पाण्यात बुडाला तर बदला. लोक 'आयुष्यभर' एवढंच लक्षात ठेवतात.

शिवाय या ॲक्सलमध्ये मागच्या चाकांची बेअरिंगंही याच ऑइलवर चालतात. पाणी फार दिवस राहिलं असतं तर थडथड हा सर्वांत स्वस्त त्रास ठरला असता.

ब्रीदर बदलला, त्याला रबरी नळी जोडून ती चासीच्या वरून मागच्या लाइटच्या आसपास नेली आणि टोकाला छोटा फिल्टर लावला. रॅम्पवर पोचल्यावर लगेच पाण्यात न जाता दोर सोडणं, लाइफ जॅकेट काढणं ही कामं आधी उरकायची, तेवढ्यात ॲक्सल थोडा निवतो.

पाणी सोडून आवाज परत येण्याची आणखी दोन कारणं वारंवार दिसतात. एकाच ॲक्सलवर दोन वेगळ्या मापांचे किंवा खूप वेगळ्या झिजेचे टायर असले तर सरळ रस्त्यावरही प्लेटा अखंड घासत राहतात, ऑइल जळतं, मॉडिफायर संपतो. एक टायर फुटला म्हणून एकच नवा टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. दुसरं, पिनियन सीलमधून गळती आहे म्हणून अधूनमधून नुसतं ऑइल वर करत राहणं. दर वेळी मॉडिफायरचं प्रमाण कमी होत जातं.

भरताना

भरायचा प्लग आधी उघडतोय का ते बघा, मगच जुनं ऑइल काढा. हा प्लग चौकोनी खाचेचा असतो आणि वर्षानुवर्षं हात न लागल्याने जाम झालेला असतो. रिकामा ॲक्सल आणि न उघडणारा प्लग ही जोडी रविवारी संध्याकाळी फार महाग पडते. या ॲक्सलला खाली ड्रेन प्लग नाही, झाकणच काढावं लागतं. आतल्या चुंबकावर राखाडी चिकट लेप असेल तर चिंता नको. दाताचा तुकडा किंवा चमकदार कण बोटांना टोचले तर ऑइलचा विषय संपला, काम मोठं आहे.

जुना सीलंट पूर्ण खरवडा, ब्रेक क्लीनरने पुसा, नवा लावल्यावर ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या. मॉडिफायरची बाटली आधी रिकामी करा आणि मग ऑइल. उलट केलं तर ऑइल भोकापर्यंत आलेलं असतं आणि मॉडिफायरला जागाच उरत नाही. ८.८ च्या ॲक्सलला मिळून अडीच लिटरच्या आसपास लागतं. फोर्डच्या हिशोबाने पातळी भोकाच्या खालच्या काठाच्या ६ ते १४ मिलिमीटर खाली हवी, काठोकाठ नको.

मग मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी तापवून सावकाश इंग्रजी आठचे आकडे काढा, दोन्ही बाजूंनी पाच-पाच गोल फेऱ्या तरी. नवा मॉडिफायर प्लेटांच्या फटींत याशिवाय शिरत नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत आवाज येईल आणि हळूहळू मावळेल. दुसऱ्या दिवशीही राहिला तर मॉडिफायर थोडा-थोडा वाढवता येतो, पण अख्खी दुसरी बाटली एकदम रिकामी करू नका. प्रमाण वाढलं की प्लेटा घसरायलाच लागतात, आवाज जातो आणि त्याबरोबर लिमिटेड स्लिपचा उपयोगही जातो. ओल्या रॅम्पवर एक चाक गरगर फिरायला लागलं की कळतं.

आपल्याकडे महिंद्रा थार घेतलेल्यांपैकी कुणाला हा लेख वाचून मॉडिफायर घ्यावासा वाटत असेल तर थांबा. थारच्या ज्या मॉडेलांमध्ये मागे ईटनचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल येतं, ते वर सांगितलेल्या जी८० च्याच जातीचं आहे. त्याला मॅन्युअलमध्ये लिहिलेलं ऑइलच घाला, त्यात आपल्या मनाने काही मिसळू नका.

ऑइलने सुटत नसेल तर

योग्य ऑइल, योग्य मॉडिफायर, पाणी नाही, टायर सारखे, आठचे आकडे काढून झाले आणि तरी थडथड तशीच, तर प्लेटा तपासायची वेळ आली. एक चाक जमिनीवर, दुसरं वर, गिअर न्यूट्रल, आणि वरच्या चाकाच्या हबला टॉर्क रेंच लावून फिरवून बघा. ट्रॅक्शन-लॉकमध्ये हलायला किमान २० फूट-पाउंड, म्हणजे २७ न्यूटन-मीटर लागायला हवेत. त्याहून कमी लागले तर चवड झिजली आहे. भरपूर लागत असूनही आवाज येत असेल तर प्लेटांवर काच चढल्यासारखी चकाकी आली असण्याची शक्यता जास्त. दोन्हीतही प्लेटा आणि स्प्रिंगचा संच मिळतो, अख्खं डिफरेन्शियल बदलायचं कारण नाही. क्राउन-पिनियनला हात न लावता चवड बदलता येते, म्हणून कामही त्या मानाने कमी. नव्या अस्तराच्या प्लेटा बसवण्याआधी मॉडिफायरमध्ये भिजवून ठेवल्या आहेत का, एवढं मात्र मेकॅनिकला समोर उभं राहून विचारा. कोरड्या बसवल्या तर गाडी दुकानाच्या दारातून वळतानाच थडथडत बाहेर पडेल.